घरचा आणि टेम्पोवरचा

सयाजीने गिटारला जोडलेल्या इफेक्टच्या डब्याचा खटका पायाने दाबला, एक तार छेडली आणि हात बाजूला घेतला. सूर डब्यातून तीनदा परत आला आणि थांबला.

"हा टेम्पोवरचा," पारस म्हणाला. जुन्नरच्या पेठेतलं हे वाद्यांचं दुकान त्याचंच. "दणकट डबा, खटके मोठे. वरातीत पाय चुकत नाय. तो दुसरा घरचा. हेडफोन लावायचा, सूर लई येळ घोळत राहतो. पण तोच मोठ्या स्पीकरवर लावा, नुसता चिखल."

"घरचाच बघू."

"घरचा कशाला?" दारात उभा असलेला कुशाबा आत आला. सयाजीच्या बायकोचा, साळुबाईचा, तो धाकटा भाऊ. बेंजो पार्टी त्याची आणि गिटार सयाजीची, लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं. "दाजी, पेठ गावच्या लग्नाची सुपारी घेतलीय मी. तुमच्या नावावर."

"मला इचारून घेतली का?"

"तुमाला इचारायला आता मुहूर्त काढू का?"

"साळूला जाऊन वर्ष सरल्याबिगर मी मांडवात वाजवायचो नाय. तवर घरी बोटं चालू ठेवतो. वर्ष झालं की येतो तुझ्याकडंच. किती येळा सांगू?"

"माझी बी बहीणच व्हती. पर दिल्या घरची लेक, मला तीन दिसाचं सुतक. फिटलं. तुमी काय नव्या नवरीवानी घरात बसून ऱ्हाता राव?"

पारस काउंटरची काच पुसू लागला. ती आधीच स्वच्छ होती.

सयाजीने घरचा डबा जोडला, हेडफोन चढवला आणि डोळे मिटून वाजवू लागला. एक सूर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन बसत होता. कुशाबाने वाकून त्याचा एक कान उघडा केला.

"अवो, घरी वाजवून ऐकणार कोन?"

सयाजीने तारांवर तळहात ठेवला. मग हेडफोन उतरवला, त्याची वायर सावकाश गुंडाळली आणि खोक्यात नीट बसवली.

"पारसभाऊ, टेम्पोवरचा बांधा."

"आत्ता कसं!" कुशाबाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "रविवारी टेम्पो दारात आणतो."

"नगं आणू. वर्ष सरल्यावरच लागंल मला. निरगुडसरचा भागू कधीचा मागं लागलाय. त्याच्या पार्टीत जातो."

"भागू? आपल्या सुपाऱ्या पळवतो, त्यो भागू?"

"त्योच."

कुशाबाचा हात खाली आला. पारसने खोकं पिशवीत घालून पुढं सरकवलं. ते घ्यायला कुशाबा सवयीने वाकला, पण सयाजीने आधीच उचललं होतं.

"ताई असती तर तुमची हिंमत झाली नसती, दाजी."

सयाजी दुकानाची पायरी उतरला, चप्पल पायात सरकवली.

"ती असती तर घरचाच घेतला असता."