बगळा

माझी सून ओजस्विनी रग्बी खेळते. भारताकडून खेळते, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक विचारतात, "लग्नानंतरही?" पंधरा-पंधरा बायकांनी एका चेंडूसाठी एकमेकींना लोळवायचं, आणि सामना संपला की दोन रांगा करून एकमेकींसाठीच टाळ्या वाजवायच्या, असा तो खेळ. ओजस्विनीची जागा हूकरची. दोन्हीकडच्या बायका डोक्याला डोकं भिडवून रेटतात, तेव्हा हिचं डोकं अगदी मधोमध. ही जागा मिळवायला तिला वर्षं लागली, आणि मिळाल्यावर ती तिने कुणाला दिली नाही.

मुलगा प्रतीक मोहालीत आयटीत आहे. चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये आमचं भाड्याचं घर. सकाळी दूध तापवायचं काम ओजस्विनीचं. तेवढ्या वेळात ती गॅससमोर एका पायावर उभी राहते, डोळे मिटून, हात कमरेवर. तोल सांभाळायचा सराव म्हणे. दूध वर यायला लागलं की वासावरून तिला कळतं, आणि ती गॅस बंद करते. एकदाही उतू गेलं नाही. मी तिला बगळा म्हणायचे.

यंदा आशियाई रग्बी स्पर्धा खेळून थांबायचं तिने ठरवलं होतं. शेवटची स्पर्धा, आणि पहिल्यांदाच कप्तानपद. शिबिर इथेच, चंदीगडला लागलं. तिथे सराव सामन्यात कुणाचा तरी गुडघा तिच्या कानशिलावर बसला. पंचांनी तिला बाहेर काढलं. डोक्याला लागलं की डॉक्टरने पास केल्याशिवाय पुन्हा मैदानात पाय ठेवता येत नाही.

घरी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. उजेड नको म्हणून पडदे ओढले. आणि दूध तापवताना दोन्ही पाय जमिनीवर.

"बगळा उडाला का ग?" मी विचारलं.

"काही नाही हो आई, झोप नाही झाली."

तपासणीच्या दिवशी प्रतीकला सुट्टी मिळेना, म्हणून मी बरोबर गेले. संघाची डॉक्टर गुरलीन ही आपली साधी, हसरी मुलगी. तिने महिने उलटे म्हणायला लावले. ओजस्विनीने घडाघडा म्हटले. मग एका पायावर, डोळे मिटून उभं राहायचं. ओजस्विनी डुलली, पाय टेकला, परत डुलली.

गुरलीनने मोसमाआधीच्या तपासणीचा जुना कागद पाहिला. "सीझन से पहले भी ऐसे ही हिल रही थी. इसका बैलन्स ही ऐसा है जी. कोई फर्क नहीं, तो पक्का खेल सकती है."

ओजस्विनी हसली. लग्नातसुद्धा ती अशी हसली नव्हती.

मला रग्बीतलं काही कळत नाही, पण दुधातलं कळतं. तोंड उघडलं की हिची स्पर्धा गेली. न उघडावं, तर ते डोकं पुन्हा मधोमध जाणार. सासूने सुनेच्या कामात नाक खुपसू नये या मताची मी आहे, आणि ते मत त्या खोलीत मला फार जड गेलं.

"डॉक्टरजी," मी म्हटलं, "ये घर में एक पाँव पे खड़ी रहके पूरा दूध गरम करती है. रोज. कभी नहीं हिली."

गुरलीनने पेन खाली ठेवलं. "ओजस, पहले जानबूझके हिली थी?"

ओजस्विनी जमिनीकडे बघत म्हणाली, "सब करते हैं, मॅम."

तेव्हा मला उलगडा झाला. मोसमाआधी, धडधाकट असताना मुद्दाम डळमळून दाखवायचं, म्हणजे पुढे खरोखर डोकं आपटलं तरी कागदावर फरक दिसत नाही. शहाण्या मुली!

संघ तिच्याशिवाय गेला. पहिला सामना तिने मोबाइल उशाशी ठेवून, डोळे मिटून नुसता ऐकला.

"आई, तुम्ही गप्प बसला असतात तर मी तिथे असते."

"असतीस," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? वाईट मलाही वाटत होतं, आणि तिचा रागही येत होता. ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली.

संघ परत आला, त्यानंतरची गोष्ट. सकाळी मी बाहेरच्या खोलीत वेणी सोडवत बसले होते. जळक्या दुधाचा वास आला. धावत स्वयंपाकघरात गेले. ओजस्विनी एका पायावर उभी होती, डोळे मिटून, हात कमरेवर, खांबासारखी स्थिर. चेहऱ्यावर पूर्वीचं समाधान. तिच्यापुढे दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं, आणि बर्नरवर करपत होतं.

मी गॅस बंद केला. त्या आवाजाने तिने डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेगडीकडे. पाय अजून वरच होता.

"आई," ती म्हणाली, "मला वासच आला नाही."