दाविद घरी आहे

केझायाचा नंबर हिब्रू शाळेत लागला तेव्हा मी रडले, आणि ते काही आनंदाचे अश्रू नव्हते. तीन चार्टर शाळांच्या सोडतीत तिचं नाव घातलं होतं. एका शाळेत विज्ञानावर भर होता, दुसरीत संगीतावर. तिसरी ही हिब्रूची. हिचा अर्ज मी भरला तो फक्त ती घरापासून चार गल्ल्यांवर होती म्हणून. शाळा सरकारी पैशावर चालणारी, फी नाही, वर्गात दोन-दोन शिक्षक. पण हिब्रू? आम्ही ग्रेनेडाची माणसं. ब्रुकलिनला येऊन मला बावीस वर्षं झाली. मी दवाखान्यात लोकांचं रक्त काढते. आमच्या सात पिढ्यांत कुणाचा हिब्रूशी संबंध आलेला नाही.

मम्मी मात्र स्वयंपाकघरातच गुडघे टेकून बसली.

"ग्लेनिस, अगं रडतेस काय? देवाची भाषा आहे ती! संदेष्टे बोलायचे ती भाषा!"

"मम्मी, मला तिला गणितात हुशार करायची होती."

"गणित काय, कुणीही शिकवेल. हे भाग्य आहे."

माझ्या मुलीचं नावसुद्धा मम्मीनेच पवित्र शास्त्रातून शोधून ठेवलेलं. शाळेत पहिल्याच दिवशी मोरा ऑर्लीने (मोरा म्हणजे बाई) ते नाव वाचलं आणि म्हणाली, "क्त्सिआ! किती छान!" सहा वर्षं आम्ही पोरीचं नाव चुकीचं उच्चारत होतो, हे तेव्हा कळलं. मम्मी त्या दिवसापासून तिला क्त्सिआ म्हणायला बघायची आणि दर वेळी तिला ठसका लागायचा.

शाळेच्या दाराशी उभं राहून माझ्या दोघांशी ओळखी झाल्या. एक एरेझ. हा तेल अवीवचा, शाळेच्या शेजारीच त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. त्याची मुलगी नोगा केझायाच्या वर्गात. आपल्या मुलीला आपल्या आईशी फोनवर बोलता यावं, एवढ्यासाठी त्याने तिला इथे घातली होती. देवधर्माचं नाव काढलं की तो माशी हाकलल्यासारखा हात हलवायचा. दुसरी इन्ना. ती मिन्स्कची, दातांच्या डॉक्टरकडे हिशेबाला. तिच्या लेवला थोडं ज्यूपण मिळावं आणि तेही फुकटात, अशी तिची साधी अपेक्षा.

"खासगी ज्यू शाळेची फी ऐकलीस का?" ती म्हणायची. "तेवढ्यात आमच्याकडे विमान येतं."

पण सरकारी पैशाच्या शाळेत धर्म शिकवायचा नाही, हा कायदा. त्यामुळे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाला पोरांनी मेणबत्त्या मोजल्या आणि त्यांचे रंग सांगितले. कशासाठी लावायच्या ते कुणी सांगितलं नाही. इन्ना फाटकाशी धुमसत उभी राहायची.

"दुसरं वर्ष चाललंय. लेवला हिब्रूत काकडी येते, टोमॅटो येतो. प्रार्थना एक नाही. सॅलड शिकायला पाठवलं का मी त्याला?"

"काकडी चांगली असते," एरेझ म्हणायचा. "काकडीवरून अजून कुणी युद्ध केलेलं नाही."

केझाया घरी बाहुल्यांची शाळा भरवायची. रोज सकाळी वर्गात होतं तेच सगळं: आज कोणता वार, हवा कशी आहे, कोण आलंय, कोण नाही. मम्मी सोफ्यावर डोळे मिटून ऐकायची आणि मधेच म्हणायची, "आमेन." ती हजेरी आहे हे मी मम्मीला कधी सांगितलं नाही. माझी चूक झाली ती तिथेच.

कारण दुसरीतल्या त्या जानेवारीत मम्मी चर्चमधून आली ती फुलून. फेब्रुवारीत चर्चचा वर्धापनदिन. पास्टर थिओफिलस यांना तिने शब्द देऊन टाकला होता, की तिची नात व्यासपीठावरून स्तोत्र म्हणेल, मूळ भाषेत. कोणतं, तर दाविद राजाचं, माझ्या पप्पांना पुरताना म्हटलं होतं ते. आमच्या चर्चमधल्या प्रत्येक बाईला ते झोपेत पाठ आहे, पण इंग्रजीत.

"मम्मी, तिला ते येत नाही."

"मग शाळेत काय करते? शिकव म्हणावं बाईंना."

मी मुख्याध्यापिकांकडे गेले. मिस डेलगाडो मूळच्या पोर्तो रिकोच्या. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"मिसेस बॅप्टिस्ट, तुम्ही स्तोत्र म्हणालात?"

"सहाच ओळी आहेत."

"एक ओळ जरी शिकवली ना, तरी माझी शाळा बंद होईल. तुम्हाला हिब्रूत वनस्पतींचे भाग हवेत? आत्ता शिकवायला लावते. हवामान हवंय? देते. देव नाही."

बाहेर आले तर इन्ना उभी. तिला सांगितलं. वाटलं, ज्यू बाई आहे, हिला येत असेल.

"मला?" इन्ना हसली. "माझे आजोबा कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. साठ वर्षं आमच्या घरात कुणी देवाला हाक मारली नाही. मला तर ती अक्षरंही वाचता येत नाहीत."

राहिला एरेझ. मी दुकानात शिरले तेव्हा तो एक किल्ली घासत होता. भिंतभर किल्ल्या लटकलेल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मशीन बंद केली.

"ग्लेनिस, माझा बाप मला पहाटे उठवून स्तोत्रं म्हणायला लावायचा. चुकलो की कानाखाली. मी समुद्र ओलांडून इथे आलो तो त्यातून सुटायला. आणि तू सांगतेस, मी ते पोरांना शिकवू?"

"एकाच पोरीला. आणि कानाखाली द्यायची नाही."

त्याने घासलेली किल्ली भिंतीवर अडकवली. मग म्हणाला, "सोमवारी आण. साडेतीनला. कुणाला सांगू नकोस."

सोमवारी मी केझायाला घेऊन गेले, तर आत स्टुलावर इन्ना बसलेली, शेजारी लेव.

"मला बघू नकोस अशी," इन्ना म्हणाली. "शिकवणी चाललीच आहे, तर लेवने कान बंद का करायचे?"

महिनाभर असं चाललं. गिऱ्हाईक आलं की एरेझ पटकन काकडी-टोमॅटोवर यायचा. तो ओळ सांगायचा, पोरं म्हणायची. नोगा मागे बसून चुका काढायची. मी सॉल्टफिशचे, म्हणजे खारवलेल्या माशाचे, वडे न्यायचे. एरेझ दोन खाऊन तिसरा कागदात गुंडाळून ठेवायचा. तिसऱ्या आठवड्यात इन्ना ओठ हलवताना दिसली. एरेझने ते पाहिलं. चिडवायची एवढी मोठी संधी त्याने सोडली, म्हणून मी त्याच्याकडे नीट बघितलं. तो किल्ल्यांकडे तोंड करून उभा होता आणि पोरं थांबली तरी ओळ म्हणतच होता.

वर्धापनदिनाच्या रविवारी हिमवर्षाव. रस्ते पांढरे, चर्च तरीही गच्च भरलेलं. मम्मीने जांभळी टोपी घातली होती, तीही एवढी मोठी की मागच्या दोन बाकांना व्यासपीठ दिसत नव्हतं. एरेझ, नोगा, इन्ना, लेव, चौघंही आले. एरेझ दाराजवळच्या बाकावर टोकाला बसला.

"आलास?" मी विचारलं.

"नोगाला बघायचं होतं," तो म्हणाला. नोगा तेव्हा खिडकीतून बर्फ बघत होती.

केझाया व्यासपीठावर चढली. पांढरा फ्रॉक, वेण्यांत मणी. तीन ओळी तिने अशा म्हटल्या की इन्नाने माझा हात दाबला. चौथी ओळ सुरू केली आणि थांबली.

पास्टर म्हणाले, "घाई नको, बेटा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला काय येतंय! मी नुसती मान हलवली. मग केझायाने पाठ ताठ केली, हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात हिब्रू सुरू केलं. थांबणं नाही, अडखळणं नाही. मला बरं वाटलं. मग दोन नावं ओळखीची वाटली. नोगा. लेव. बाहुल्यांची शाळा! पोरगी हजेरी घेत होती.

मागच्या बाकावर लेव आणि नोगा एकमेकांच्या कुशीत तोंड खुपसून हसायला लागले. इन्नाने दोघांना चिमटे काढले. सभागृहात मात्र बायका डोळे पुसत होत्या. "हालेलुया" चालू होतं. केझायाने शेवटचं वाक्य म्हटलं, वाकून नमस्कार केला, आणि लोक उभे राहिले. इथवर सगळं निभावलं होतं.

पण पास्टर थिओफिलस यांनी मम्मीकडे, म्हणजे त्यांच्या सिस्टर युलालीकडे, बघून हात वर केला. "सिस्टर युलाली सांगत होत्या, आज आपल्यात पवित्र भूमीतला एक बंधू आहे. ब्रदर, उभे राहा! हे लेकरू काय म्हणालं, आम्हाला अर्थ सांगा!"

चारशे माना मागे वळल्या. एरेझ उभा राहिला. मी मनात म्हणत होते, थाप मार. एवढ्या एका वेळेला मार.

पण एरेझ थाप मारत नाही. गिऱ्हाईकालासुद्धा सांगतो, हे कुलूप माझ्याकडून घेऊ नका, पुढच्या दुकानात स्वस्त आहे. त्याने घसा साफ केला. पहिल्या तीन ओळींचा अर्थ सांगितला.

"मग ती म्हणाली, आज हवा चांगली आहे. आज ऊन आहे."

छतावरून बर्फाचा एक ढीग धप्पकन खाली घसरला. पास्टरनी खिडकीकडे पाहिलं, मग लोकांकडे.

"ऐकलंत? बाहेर वादळ, आणि लेकरू म्हणतं, आज ऊन आहे! हा विश्वास!"

"आमेन!" चर्च दणाणलं.

"कोण आलंय?" एरेझ पुढे सांगत होता. त्याचा आवाज जरा कापत होता, हसू आवरताना कापतो तसा. "नोगा आली आहे. लेव आला आहे. दाविद नाही. दाविद कुठे आहे?"

"कुठे आहे दाविद?" पास्टर गरजले.

"दाविद घरी आहे. दाविद उद्या येईल."

त्यानंतर जे झालं ते सांगता येत नाही. ऑर्गनवाल्याने सूर सोडला. सिस्टर बेव्हर्ली, जिचा डेव्हिड म्हणजेच दाविद नावाचा भाऊ नाताळच्या आधी वारला होता, तिने दोन्ही हात वर केले आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. "घरी आहे! घरी आहे तो!" बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. पास्टर सांगत होते, भाषांतरात किती काय गळून गेलं होतं, बंधूंनो, शेकडो वर्षं आपण अर्धंच वाचत होतो.

खरा दाविद हा केझायाच्या वर्गातला. महिन्यातले दहा दिवस त्याचं पोट दुखतं.

एरेझ खाली बसला. आता त्याला हसू येत नव्हतं. तो सिस्टर बेव्हर्लीकडे बघत होता.

"थोडं खोटं बोलला असतास तर?" मी कुजबुजले.

"मला विचारलं, ती काय म्हणाली. ती हेच म्हणाली."

नंतर तळघरात जेवणं झाली. मम्मीने स्वतः एरेझच्या ताटात चीज घालून भाजलेला मॅकरोनी पाय वाढला.

"ब्रदर, फार उपकार झाले तुमचे." मग मला बाजूला ओढून म्हणाली, "सत्तर वर्षं ते स्तोत्र मला पाठ आहे. पोरगी विसरली ना?"

"हो, मम्मी."

"काय म्हणाली होती?"

"हजेरी."

मम्मीने सिस्टर बेव्हर्लीकडे पाहिलं. ती केझायाला मांडीवर घेऊन बसली होती, नाताळनंतर पहिल्यांदा पोटभर जेवत होती.

"मग तोंड बंद ठेव," मम्मी म्हणाली आणि परत वाढायला गेली.

कुणीतरी सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. आठवड्यात तो मिस डेलगाडोंपर्यंत पोहोचला. कुणा पालकाची तक्रार, सरकारी शाळेत स्तोत्रं शिकवतात. मला बोलावणं आलं. मोरा ऑर्लीने व्हिडिओ पाहिला, ओठ चावत.

"सुरुवातीच्या तीन ओळी आमच्या नाहीत," ती म्हणाली. "हवामानापासून पुढचं सगळं आमचं. उच्चार उत्तम आहेत."

मिस डेलगाडोंनी ते लेखी घेतलं आणि तक्रार मिटली.

पास्टरनी मात्र व्यासपीठावरून शाळेचं नाव जाहीर केलं. त्या वसंतात आमच्या चर्चमधल्या अकरा कुटुंबांनी सोडतीत अर्ज टाकले आणि सात जणांचे नंबर लागले. इन्नाच्या बहिणीची मुलगी मिला प्रतीक्षायादीत चौतिसावी आली.

"तुमच्या लोकांनी आमची शाळा भरून टाकली," इन्ना म्हणाली.

"तुमची?"

तिने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. लेव आणि केझाया पहिल्यासारखेच खेळत होते, त्यामुळे आम्ही दोघी एकाच झोपाळ्यापाशी दोन दिशांना तोंड करून उभ्या राहायचो.

शाळेचं नवं वर्ष सप्टेंबरात सुरू झालं. ऑक्टोबर संपेपर्यंत सातांतल्या पाच कुटुंबांनी पोरं काढून घेतली. सिस्टर बेव्हर्ली स्वतः भाचीचं नाव काढायला आली होती. मला जिन्यात भेटली.

"ग्लेनिस, दोन महिने झाले, देवाचं नाव एकदा नाही. पोरगी घरी येऊन काकडी-काकडी करते. तुझ्या केझायाला कसं काय शिकवलं यांनी?"

"तिला वेगळी शिकवणी होती, सिस्टर," मी म्हणाले. ते खरंच होतं.

जागा रिकाम्या झाल्या, यादी सरकली. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधल्या सोमवारी, इन्नाचा फोन आला.

"मिलाला घेतलं," ती म्हणाली. "आज पहिला दिवस होता. बहीण चिडली आहे. म्हणते, एवढी वाट बघून काय मिळालं? टोमॅटो."

"तिला सांग, धीर धर. पुढच्या महिन्यात कांदा आहे."

मग इन्ना हसायला लागली.