दुपारचा गणिताचा तास

"पोर सोमवारपासून येई, आसं मी शेठले सांगी टाकेल शे," मगन मुकादम म्हणाला आणि बशीतला चहा संपवून त्याने बशी पालथी घातली.

लोटूने मान हलवली. बोलायला गेला की त्याला खोकल्याची उबळ येई, म्हणून हल्ली तो बहुतेक गोष्टी मानेनेच बोलत असे. त्याची मुलगी जयश्री तेवढ्यात कॉलेजातून आली होती. दारात चपला काढता काढता तिने हे ऐकलं आणि तिचा हात तिथेच थबकला.

"उनी का? बठ," मुकादम म्हणाला. "तुनीच बात चाली राहिनी. दुपारले कॉलेज सुटनं, का मिलमा यावानं. लॅबमा पंखाखाले बसानं. बाप जनमभर उभा ऱ्हायना, तू खुर्चीवर बसशी."

"आबा, मना विषय आजून ठरेल नहीत," जयश्री मुकादमाला म्हणाली.

"केमिस्ट्री शे ना? मंग झायं!"

"केमिस्ट्री शेच. जोडे गणित लेवानं का नही, ते ठरावानं शे. गणितना तास दुपारले ऱ्हातस."

मुकादम मोठ्याने हसला. "रंगना डबा मोजाले कितलं गणित लागस व माय?"

जयश्रीची आई अनुसया पदराआड हसली. लोटूही हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. जयश्रीला मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या वर्षाचे विषय आठवड्याभरात नोंदवायचे होते. गणिताऐवजी दुसरा विषय घेतला तर सगळे तास सकाळीच उरकत आणि दुपार मिलसाठी मोकळी होई. गणित घेतलं तर दुपार गेली, आणि दुपारबरोबर नोकरीही गेली.

सुरतेच्या लिंबायत वस्तीत मगन मुकादमाला ओळखत नाही असा खानदेशी माणूस विरळा. अर्धं गाव त्याने सुरतेत आणलं होतं. उधन्याच्या बाजूच्या, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या फाटकाशी उभं राहून तो नुसतं "हा माझा" म्हणे आणि माणूस कामाला लागे. ना चिठ्ठी, ना चपाटी. त्याच्या बदल्यात माणसाने एवढंच पाळायचं, की मगनची मान खाली जाईल असं काही करायचं नाही. एकाने भांडण केलं की गावच्या पुढच्या माणसाला फाटक बंद. त्यामुळे एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात बांधलेला. दावणीचे बैल तरी रात्री सुटे होत असतील, ही माणसं होत नव्हती.

लोटू असाच "मगनचा माणूस" म्हणून रंगखात्यात लागला. चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला आणि सगळी वस्ती गावाकडे पळाली, तेव्हा हा मिल धरून राहिला. प्लेगाने त्याला हात लावला नाही. लावला तो पुढच्या वर्षी हायड्रोने. हायड्रो म्हणजे रंगाईत लागणारी पांढरी पूड; तिला ओल सोसत नाही. ओल लागली की ती तापते, धुमसते आणि छातीत घुसणारा धूर सोडते. हायड्रोच्या ड्रमावरूनच वाफेचा पाइप जात होता आणि त्याचा सांधा गळत होता. रंगखात्यातल्या लोकांनी ते वरचेवर सांगितलं होतं. एका सकाळी लोटूने डबाभर पूड काढायला ड्रमाचं झाकण उघडलं आणि धूर त्याच्या तोंडावर आला.

अपघाताची तपासणी करायला सरकारी साहेब आले, त्याच्या आदल्या संध्याकाळी मगन इस्पितळात जाऊन लोटूच्या उशाशी बसला. मिलवर केस झाली तर शेठ गावच्या सगळ्यांना काढील, म्हणाला. लोटूने साहेबांना सांगितलं, "डबा मनाच वला व्हता. मनी चूक." आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाची कुणाकडे करणार? मगनने तेव्हा शेठकडून शब्द घेतला, की लोटूची पोर केमिस्ट्री शिकते आहे, तिला लॅबमध्ये घ्यायचं. लोटूनेही मगनला शब्द दिला, की पोर येईल.

हे घरात कुणापासून लपलेलं नव्हतं. जयश्रीलाही सगळं माहीत होतं. म्हणून तर तिला इकडे आड आणि तिकडे विहीर झालं होतं.

ती महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेली. कॉलेजात सगळं गुजरातीत. रसायनाच्या तासाला ती व्याख्या पाठ करी आणि बोलायला उभी राहिली की पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघत. गणितात मात्र तिची जीभ आड येत नव्हती. पहिल्या वर्षी एकदा वशी सर फळाभर उदाहरण सोडवत होते आणि मधल्या एका ओळीत वजाचं चिन्ह राहून गेलं. मागच्या बाकावरून जयश्री न राहवून म्हणाली, "सर, आ खोटुं छे." सरांनी फळ्याकडे पाहिलं, तळहाताने स्वतःच्या ओळी खालपर्यंत पुसल्या आणि म्हणाले, "बेन साची छे. मारी भूल." आणि पुन्हा लिहायला लागले.

त्या दिवशी ती घरी चालत आली. एका मोठ्या माणसाने आपली चूक आपलीच म्हटलेली तिने जन्मात पहिल्यांदा पाहिली होती. गणितात कुणी कुणाची हमी देत नव्हतं, कुणाच्या मानेखातर काही खरं ठरत नव्हतं. तिला गणित आवडतं ते यासाठी, हे तिला त्या वाटेवर कळलं, आणि इतका आनंद झाला की रेल्वेचं फाटक बंद होतं तरी ती पलीकडे बघत हसत उभी राहिली.

आता ती त्याच वशी सरांना विचारायला गेली. सर डबा खात होते. त्यांनी तिची सगळी हकिकत ऐकली.

"जो बेन," ते म्हणाले, "गणितथी नोकरी मळशे एवुं हुं नहीं कहुं. पण आ वर्षे छोड्युं, तो पछी पाछुं नहीं पकडाय."

गणिताने नोकरी मिळेल असं ते सांगत नव्हते. फक्त यंदा सोडलं तर पुन्हा धरता येणार नाही, एवढंच. पुढे केमिस्ट्रीतही जिथे जिथे 'असं का' विचारायचं, तिथे गणित लागेल. नसेल तर सांगितलेलं मान्य करून पुढे जायचं. तसे पुष्कळजण जातात, ते म्हणाले, आणि सुखाने पगार घेतात.

"मारी जग्याए तमे शुं करो, सर?" तिने विचारलं.

"मारा बाप पासे खेतर हतुं," सर म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं. ज्याच्या घरी शेत होतं त्याने तिला सल्ला द्यावा, हे त्यांना बरं वाटलं नसावं.

ती परतली ती जवळजवळ ठरवूनच, की नोकरी घ्यायची. बापाने छाती देऊन मिळवलेली जागा लाथाडणारी आपण कोण? गणिताची पुस्तकं काही कुणी हिसकावून नेत नाही, ती स्वतःची समजूत घालत होती. समजूत पटत नव्हती, पण पटवून घ्यायची तयारी होती. आमच्याकडच्या पोरींना ती कला कुणी शिकवावी लागत नाही.

शनिवारी मगन तिला जागा दाखवायला घेऊन गेला. लॅब माडीवर होती. तिथल्या केमिस्टने तिला चांगलं वागवलं, कापडाचे रंगीत तुकडे दाखवले, गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी छटा कशी जुळवतात ते समजावलं. खिडकीशी एक खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता. मुकादम खोटं बोलला नव्हता.

उतरताना वाट रंगखात्यातून होती. एक माणूस हात धुऊन आला आणि तसाच डबा उचलून हायड्रोच्या ड्रमाकडे निघाला. पलीकडून एका पिकल्या मिशांच्या कारागिराने हाक मारली, "अरे, सुखा डब्बा ले! लोटू मत कर!"

सगळे हसले. तो माणूसही हसला आणि त्याने डबा बदलला.

जयश्री जागीच उभी राहिली. ड्रमावरचा पाइप अजून तोच होता. सांध्याला गोणपाट गुंडाळलं होतं आणि गोणपाटातून थेंब गळत होता. आता ड्रम मात्र हातभर बाजूला सरकवला होता.

"आबा, हाई कोनं नाव लेतस?" तिने विचारलं.

मगनने पाइपाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "सवय पडनी शे लोकेस्ले. नवा माणसं शेत. लोटू कोन, हाईबी त्यास्ले म्हाईत नही." आणि घाईने म्हणाला, "चाल, ऊन चढी राहिनं."

तिला राग आला तो त्या माणसांचा नव्हे. ती बिचारी आपली छाती सांभाळत होती. तिला राग आला तो याचा, की बापाने गावासाठी जी चूक अंगावर घेतली ती आता कायमची त्याची झाली होती. त्याचा चेहराही कुणाला माहीत नव्हता आणि नाव तेवढं मूर्खपणाला उरलं होतं. ड्रमात काय झालं हे ती कागदावर मांडून दाखवू शकत होती, पण इथे कुणी ते पुसून पुन्हा लिहिणार नव्हतं. खुर्चीवर बसून रोज खालून येणारी ती हाक ऐकायची आणि छटा जुळवायच्या, एवढंच काम होतं.

घरी आल्यावर तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आप्पा, मी गणित लिसू."

अनुसया चुलीजवळून उठली. "तुना बापनी छाती जळनी, तवय ही जागा मिळनी! आनि तू आकडा मांडाले जाई राहिनी? याद शे ना, मगनभाऊना शब्दवर आपण आठे उभा शेतस?"

"याद शे, माय."

"मंग? उद्या घरमा काही कमी-जास्त व्हयनं, तर कोन येई धाईसन? तुनं गणित येई?"

जयश्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं हे तिलाही कळत होतं. पण मिलमध्ये जे ऐकलं ते ती या घरात बोलणार नव्हती.

लोटू भिंतीला टेकून बसला होता. मग त्याने खुंटीवरचा धुतलेला सदरा मागितला.

"कोठे चालनात?" अनुसयाने विचारलं.

"मगनभाऊकडे."

"आप्पा, मी सांगस त्यास्ले," जयश्री म्हणाली. "ठरायं मी, सांगसूबी मीच."

"तू नही. शब्द मी देल शे." तो दम घ्यायला थांबला. "मीच परत लिसू."

त्याने सदऱ्याची बटणं लावली. दाराशी जाऊन तो वळला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "तठे मनं नाव ऐकाले उनं का तुले?"

म्हणजे बापाला हे माहीत होतं. ते माहीत असूनही त्याने तिच्यासाठी ती खुर्ची धरून ठेवली होती.

"नही, आप्पा," ती म्हणाली. "कोनीच काही बोलनं नही."

"बरं शे," लोटू म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

मगनकडे काय बोलणं झालं ते त्याने घरी कधी सांगितलं नाही. पण वस्तीला सांगावं लागत नाही. त्या आठवड्यात शेजारच्या सुंदराच्या पोरीचा साखरपुडा झाला. आमंत्रण लिंबायतीतल्या प्रत्येक गाववाल्याला गेलं, यांच्या दारावरून मात्र नुसती हळद-कुंकवाची ताटं पुढे गेली.

दुसऱ्या वर्षाचे तास सुरू झाले. गणिताला मोजकीच मुलं होती आणि मुलगी एकटी जयश्री. सकाळचे तास आणि दुपारचं गणित यांच्या मधल्या सुटीत ती घरी येऊन भाकरी खाई आणि पुन्हा निघे.

अनुसया आता साड्यांचे गठ्ठे घरी आणू लागली होती. भरतकाम झालेल्या साडीच्या उलट्या बाजूला धाग्यांची टोकं लोंबतात, ती बारीक कात्रीने कापायची. गल्लीतल्या साऱ्या बायका दुपारी हेच काम करत. गठ्ठे एकटीने उरकेनात, तेव्हा एक दिवस लोटूनेच कात्री घेतली. आत उजेड पुरेना म्हणून तो उंबऱ्याबाहेर पोतं टाकून बसला, भर दुपारी, बायकांच्या ओळीत. पहिल्या दिवशी बायकांनी तोंडाला पदर लावले. पुढे त्यांनी नुसतं सरकून त्याला सावलीत जागा दिली.

एका दुपारी जयश्री वही घेऊन बाहेर पडली, तेव्हा मगन मुकादम गल्लीतून येत होता. कात्र्यांचा आवाज थांबला. लोटूने मान वर केली.

"रामराम, मगनभाऊ."

मुकादमाने पाहिलं. लोटूच्या मांडीवरची मोरपंखी साडी पाहिली, कात्री पाहिली. ओठ हलल्यासारखे झाले, पण रामराम न घेताच तो पुढे गेला.

"उभी काय ऱ्हायनी?" लोटू पोरीला म्हणाला. "जाय. तास सुरू व्हई जाई."

ती निघाली. मागे त्याला उबळ आली. त्याने आधी साडी दोन्ही हातांनी उचलून लांब धरली, कारण माल दुसऱ्याचा होता; मग भिंतीकडे तोंड करून खोकला येऊन जाईपर्यंत तो तसाच बसला, आणि मग साडी पुन्हा मांडीवर पसरून पुढचा धागा शोधू लागला.