सून बाहेर, नेट आत

त्या रविवारी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. इमारतीतली निम्मी माणसं दाटीवाटीने बसली होती आणि सगळ्यांचे डोळे टीव्हीवर फिरणाऱ्या गोलावर खिळले होते. नेट बंद होतं. खुर्चीत लहरीगुरू डोळे मिटून बसले होते. चमत्कार दिसावा म्हणून त्यांनी आज सुनेला मुद्दाम तिच्या खोलीत, दिवा लावून बसवलं होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "खोलीतलं एकूण एक बटण बंद करा. मागे तुमची लहर उरायला नको. मग उंबऱ्याबाहेर."

सुनेने बटणं बंद केली आणि ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. दार लागलं. दोन मिनिटांत आतून टीव्हीचा आवाज आला, पाठोपाठ टाळ्या.

"काही माणसांच्या लहरीच उलट्या असतात," शेजारची शिवणकामवाली म्हणाली. गुरूंचं वाक्य तिने पाठ केलं होतं.

घराने दोन महिन्यांपूर्वी नेटची कंपनी बदलली, तेव्हापासूनचं हे दुखणं. सगळ्यांच्या फोनवर पुन्हा पासवर्ड टाकत कोण बसणार, म्हणून नवऱ्याने नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवायला लावला. सून एका वॉशिंग मशीनच्या कंपनीसाठी घरून फोन घ्यायची. गिऱ्हाइकाचं बोलणं अर्ध्यावर तुटू लागलं आणि तिसऱ्या आठवड्यात तिची नोकरी गेली. सासूला मात्र वेगळंच दिसलं. "ही कामाला बसली की नेट जातं. ही भाजी आणायला गेली की येतं." नेटवाला दुरुस्तीला आला तेव्हाही सून बाहेर गेलेली. त्याला सगळं ठणठणीत दिसलं.

मग लहरीगुरू आले. तांब्याची सळई घेऊन घरभर फिरले, सुनेच्या खोलीत दार लावून दहा मिनिटं थांबले आणि निदान करून बाहेर पडले. चाळीस दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, सून घराबाहेर.

सासरे निवृत्त शास्त्र शिक्षक. ते पेपरात तोंड खुपसून म्हणाले, "घरात शांतता राहते ना?" नवरा म्हणाला, "चाळीसच दिवस आहेत गं." तिला ताप भरला तेव्हा सासूने गोळी दाराखालच्या फटीतून सरकवली. जिन्यावरून येणारे-जाणारे तिचा पदर लागू नये म्हणून भिंतीला घासून जायचे.

मंगळवारी ती चष्मा न्यायला चोरपावलांनी आत शिरली. चष्मा काही सापडेना, पाव तास गेला. पलीकडे सासू बहिणीशी व्हिडिओवर बोलत होती. "अवदसा आहे, दुसरं काय," एवढं सुनेला स्वच्छ ऐकू आलं. एरवी ती रडली असती. आज तिला भलतंच सुचलं : मी घरात आहे आणि नेट चालू आहे.

गिऱ्हाइकांना ती रोज सांगायची, एका वेळी एकच गोष्ट बदला. तिने टेबलाजवळच्या एक्स्टेन्शन बोर्डचं बटण दाबलं. थोड्याच वेळात पलीकडून सासूचं "हॅलो, हॅलो" सुरू झालं. बटण बंद केलं; गप्पा पुन्हा रंगल्या. बोर्डात कॉम्प्युटर होता, दिवा होता, आणि एक काळी वायर कपाटामागून वर गेली होती. ती स्टुलावर चढली. वर, बॅगांच्या मागे, जुन्या कंपनीचा राउटर होता. शेजारच्या धुळीत पाच बोटांचा ताजा ठसा होता.

पुढच्या रविवारी तीच गर्दी जमली.

"मी बाहेर बसते," सून म्हणाली. "पण आज बटण बाबा दाबतील."

सासऱ्यांनी बटण दाबलं. ती जिन्यावर, आणि टीव्ही बंद. मग ती आत येऊन गुरूंच्या शेजारी बसली, सासऱ्यांनी बटण बंद केलं, आणि टीव्ही चालू झाला. तिने हे तीनदा करवलं.

"हिच्या लहरी बटणात मुरल्यात," गुरू म्हणाले.

"बाबा, कपाटावर काय आहे ते खाली आणा."

सासऱ्यांनी राउटर आणून टेबलावर ठेवला. सून शांतपणे सांगू लागली, "याला आता नेट येत नाही. पण नाव तेच, पासवर्ड तोच. मी बटण लावलं की हा जागा होतो आणि घरातले फोन, टीव्ही फसून याला चिकटतात. बटण बंद केलं की सगळे नव्याकडे परत जातात. गुरुजी, खोलीत तुम्ही हा पाहिलात. धुळीत तुमचा हात उमटलाय. म्हणून आधी बटणं बंद करायला लावत होतात."

गुरूंनी सळई उचलली. "श्रद्धा नसेल तिथे आम्ही थांबत नाही," म्हणाले आणि निघाले. शिवणकामवाली त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेली. तिला आपल्या घरासाठी वेळ हवी होती.

"सापडलं एकदाचं," सासू म्हणाली. "आता आत ये आणि हा पसारा आवर."

सून सासऱ्यांकडे वळली. "पोरांना जन्मभर प्रयोग करून बघा म्हणालात. मला बाहेर बसवण्याआधी एक बटण दाबून बघायला काय झालं होतं?"

सासऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला.

बिघाड शोधायला तिला पाव तास लागला. जिन्यावर मात्र ती एकोणतीस दिवस बसली, आणि गेलेली नोकरी काही परत आली नाही. नेट गेलं तर वायर पाहा, बटण पाहा, जुनं यंत्र कुठे चालू राहिलंय का ते पाहा. घरातल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी एवढं तरी करा. त्याला गुरू लागत नाही.