उगोमाच्या पाच सुना

आमच्या घरी सिनेमा सुरू झाला की सिनेमातल्या लोकांपेक्षा आमचे हेच जास्त बोलतात. इथे नायजेरियात, एनुगू शहराच्या बाजारात टायरचं दुकान होतं तोवर हा त्रास गिऱ्हाइकांना होता. मग गुडघे गेले, दुकान मुलाकडे दिलं आणि मादुकासाहेब टीव्हीसमोर येऊन बसले ते कायमचे. "हा रडतोय का जांभई देतोय?" "म्हणे गावातला गरीब, आणि मनगटावरचं घड्याळ बघ!" "एवढ्यासाठी दुसरा भाग काढला? पहिल्यातच मारायची होती की हिला." वीज गेली, जनरेटरही बंद पडला, तरी यांचं मत अंधारात चालूच.

कौतुक मात्र एकाच बाईचं, आणि ती आमच्याच वरच्या मजल्यावर राहते. उगोमा. खाष्ट सासू हवी असली की सिनेमावाले तिलाच बोलावतात. ती पडद्यावर आली की हे खुर्चीतून पुढे सरकतात. "बघ, बघ! आवाज चढवत नाही. बाकीच्या बायका किंचाळतात, हात नाचवतात. ही नुसता चष्मा पुसते आणि सून थरथरायला लागते. याला म्हणतात काम!" खरं सांगते, मलाही पटतं. मी तिला रोज जिन्यात भेटते, तिच्या हातची केळीच्या पानात उकडलेली गरम ओक्पा खाते, तरी सिनेमात ती दारात उभी राहिली की मी खुर्चीत मागे सरकते.

घरात ती साधी, मऊ. नवरा लवकर गेला, एकुलता नोन्सो तिने एकटीने वाढवला. बाजारातली टोमॅटोवाली तिला बघून ओरडते, "सुनेला विष घालतेस, मेले? जा, तुला नाही विकायचे!" उगोमा हसत हसत रिकाम्या हाताने परत येते. शिवी बसली म्हणजे काम जमलं, असं तिचं म्हणणं.

यंदा नोन्सोचं उदी गावच्या ओलाएदो नावाच्या मुलीशी जुळलं. आमच्यात मुलाकडून मागणीची ताडी जाण्याआधी मुलीकडचे गुपचूप चौकशी करतात: घर कसं, माणसं कशी. सिनेमात उगोमा काय करते हे त्यांना ठाऊक होतं, घरात कशी आहे ते हवं होतं. पण आलेला माणूस आपण चौकशीला आलोय असं सांगत नाही, आणि इथेच घोळ झाला.

एका दुपारी चौकड्याच्या शर्टातला एक गृहस्थ आमच्या ओट्यावर पाणी मागायला थांबला. मी आत केळी तळत होते. पाणी पिता पिता त्याने सहज विचारलं, "वर ती उगोमा राहते ना? कशी आहे हो बाई?"

यांना वाटलं, सिनेमाचा शौकीन सापडला. झालं!

"उगोमा? अहो, तिच्यासारखी दुष्ट बाई सबंध एनुगूत मिळायची नाही! सुनेला कसं छळावं ते तिनेच दाखवावं. पाच सुना घालवल्या तिने, पाच! मी या डोळ्यांनी बघितल्यात."

"पाच?" त्याच्या हातातला पेला तसाच राहिला. "आणि मुलगा काही बोलत नाही?"

"मुलगा काय बोलणार तिच्यापुढे? मुकं मेंढरू! शेवटच्या सुनेच्या वेळी तर मला झोप लागली नाही. पण बाई म्हणजे कमाल, शाब्बास तिची!"

तो गृहस्थ घाईने उठला. यांनी पाहुण्याला द्यायचं कोलाचं बी पुढे केलं, तेही घेतलं नाही.

"काय रसिक माणूस होता," हे आत येऊन म्हणाले. "नुसता ऐकत होता."

आठवड्याभरात उदीहून निरोप आला: ताडी आणू नका, मुलगी द्यायची नाही. नोन्सोने अन्न सोडलं. उगोमा खाली माझ्याकडे आली.

"एबेरे, कुणीतरी त्यांना सांगितलंय, मी पाच सुना घालवल्या म्हणून. मला एकच मुलगा गं. त्याचं अजून एक लग्नही झालेलं नाही!"

मी यांच्याकडे बघितलं. यांच्या हातातला रिमोट खाली पडला.

"चौकड्याचा शर्ट," हे पुटपुटले.

"काय चौकड्याचा शर्ट!" मी ओरडले. "टीव्हीपुढे बडबडून पोट भरलं नाही, म्हणून ओट्यावर बसून पोराचं लग्न मोडलंत?"

सगळं ऐकल्यावर उगोमा आधी पोट धरून हसली आणि तशीच रडायला लागली. "भाऊ, माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं," ती डोळे पुसत म्हणाली. "पण आता चला आणि निस्तरा."

रविवारी चर्चमधून आम्ही तिघं थेट उदीला गेलो. यांनी दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून सगळ्यांसमोर कबुली दिली. शर्टवाला निघाला ओलाएदोचा काका, तो लाजून जमिनीकडे बघत राहिला. बाकीचे हसायला लागले आणि मला वाटलं, सुटलो. पण त्या घरात शेवटचा शब्द ओलाएदोच्या थोरल्या आत्याचा. ही उदेआकूआत्या काठीवर हनुवटी टेकून बसली होती. ती हसली नाही.

"सिनेमा तर सिनेमा," ती म्हणाली. "पण एवढं विष पोटात नसेल तर बाहेर येतं कुठून? दाखवा मला."

यांनी पिशवीतून सीडी काढली. "हा तिचा सगळ्यात सरस," एवढं म्हटल्याशिवाय राहवलं नाहीच. काकाने जनरेटर सुरू केला. उगोमा आत्याच्या शेजारी मान खाली घालून बसली.

पडद्यावर गरोदर सून जेवायला बसली होती. सासू येते, वाकते, सुनेच्या ताटातला मांसाचा एकुलता तुकडा दोन बोटांनी उचलते आणि दारातल्या कुत्र्याला टाकते. मग बोटं सुनेच्याच नेसूच्या कापडाला पुसते. एक शब्द नाही. सून पुढचा घास तसाच कोरडा गिळते. आमचे हेसुद्धा गप्प.

"बंद करा," आत्या म्हणाली. ती उगोमाकडे वळली. "खरं सांग. माझी सासू तुला कुठे भेटली?"

"तुमची नाही, आत्याबाई. माझी." उगोमा म्हणाली. "नोन्सो पोटात होता तेव्हा. दिग्दर्शक म्हणत होता, सुनेला थोबाडीत मार. मी म्हटलं, थोबाडीत खाल्लेली बाई विसरते. हे नाही विसरत." तिने मान वर करून आत्याकडे बघितलं. "माझ्यापाशी जे होतं ते सगळं मी कॅमेऱ्यापुढे टाकून आलेय. तुमच्या पोरीसाठी घरात काही ठेवलेलं नाही."

मला तिच्या त्या मेलेल्या सासूचा असा संताप आला, आणि उगोमाचा असा अभिमान वाटला, की मी यांचा हात घट्ट धरला.

आत्याने काठी भिंतीला टेकवली. मग काकाला म्हणाली, "पोराला सांग, ताडी घेऊन ये म्हणावं." ओलाएदोने आतून ताटं आणली. आत्याने आपल्या ताटातला मोठा तुकडा उचलला आणि उगोमाच्या ताटात ठेवला.

"खा," ती म्हणाली. "इथे कुणी काढून घ्यायचं नाही."