आठवा अध्याय

पिंटूनं यवतमाळहून पुस्तक आणलं, तेव्हा ते नुसतं पुस्तक होतं. जाडजूड, गुळगुळीत पानांचं. प्रत्येक महिन्याला एक अध्याय आणि मुखपृष्ठावर पोटावर हात ठेवून हसणारी एक गरोदर बाई. गरोदर बायका एवढ्या हसत नाहीत, हे अर्पिताला तिसऱ्याच महिन्यात कळून चुकलं होतं. उलट्यांनी तिचा जीव नकोसा झाला होता. पण नेरच्या जिनिंगमध्ये दिवसभर कापसाच्या गाड्या मोजणारा आपला नवरा सुट्टी काढून यवतमाळला जातो आणि साडी नाही, चिवडा नाही, आपल्यासाठी पुस्तक घेऊन येतो, याचंच तिला इतकं अप्रूप वाटलं की त्या हसऱ्या बाईलाही तिनं माफ केलं.

त्या पुस्तकाची पोथी केली ती वच्छलाबाईंनी, म्हणजे पिंटूच्या आईनं.

पहिल्याच संध्याकाळी पिंटूनं मांडी घालून तीन अध्याय खणखणीत आवाजात वाचून काढले. चौथा उघडणार, तोच आईनं पानावर पंजा ठेवला.

"थांब. चौथा लागन तवा चौथा वाच."

"अवं माय, पुस्तक हाये हे. पोथी नाई."

"काई असो. जे पोटात अजून घडलंच नाई, ते तोंडानं कायले काढायचं?"

पिंटूनं पुस्तक मिटलं. त्याच्याआधी आईची दोन मुलं गेली होती, एक तर आठव्या महिन्यात पोटातच. त्या विषयावर घरात कोणी बोलत नसे. आणि तसं पाहिलं तर बाळ यायच्या आधी टोपडं-दुपटं घरात आणायचं नाही, पाळणा टांगायचा नाही, हे त्या गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं. वच्छलाबाईंनी त्याच नियमात पुस्तकालाही बसवलं, एवढंच. लाल फडक्यात गुंडाळून त्यांनी ते देवघराच्या फळीवर ठेवलं. महिना बदलला की पहिल्या गुरुवारी ते खाली येई, पिंटू आंघोळ करून पाटावर बसे, आणि शेजारच्या विमलताई आणखी दोघीतिघींना घेऊन ऐकायला येत.

पुस्तकाला नावं ठेवायची सोय नव्हती. त्यात लिहिलं होतं म्हणून पिंटूनं अर्पिताला पाण्याचे गुंड उचलू दिले नाहीत. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नयेत म्हणून तो लिंबू पिळून हातात पेला देई. चौथ्या अध्यायात ॲव्होकॅडो खाण्याचा सल्ला निघाला, तेव्हा विमलताईंनी "हे काय असते रे बाप्पा?" म्हणून विचारलं, आणि पिंटूनं क्षणभरही न अडखळता "पेरूच्या जातीचं असन" असं सांगून टाकलं. पाचव्या महिन्यापर्यंत तो जिनिंगमधल्या लोकांनाही पोटातलं बाळ या घडीला केवढं असतं ते सांगू लागला होता. बायकोच्या गरोदरपणानं एवढा ऐटीत आलेला माणूस अर्पितानं पाहिला नव्हता. तिला हसू येई आणि बरंही वाटे.

सहाव्या अध्यायात आलं : पायांवर थोडी सूज येणे स्वाभाविक आहे, घाबरू नये, पाय उंचावर ठेवून झोपावे. पिंटूनं तिच्या पायांखाली दोन उशा दिल्या. सूज मात्र उतरेना. सकाळी चप्पल पायात शिरत नव्हती.

एका दुपारी वच्छलाबाई कापूस वेचायला गेल्या होत्या. घरात कोणी नव्हतं. अर्पितानं फळीवरचं पुस्तक काढलं आणि फडकं सोडलं. आपण चोरी करतो आहोत असंच तिला वाटत होतं. स्वतःच्याच पोटातल्या बाळाबद्दल वाचायची चोरी! सातव्या अध्यायात सुजेबद्दल काही नव्हतं. आठव्यात होतं, लाल चौकटीत, ठळक अक्षरांत : चेहऱ्यावर व हातांवर सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, छातीखाली दुखणे. यांपैकी काहीही जाणवल्यास वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

तिनं ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. मग फडक्याची गाठ होती तशी बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं.

आता सांगायला काय हरकत होती? पण अर्पिता बी.ए. झालेली असली, तरी तीही त्याच मातीतली होती. वाचायच्या आधी डोकं दुखत नव्हतं, वाचल्यावर दुखायला लागलं. हे तिला मनातून पुसून टाकता येईना. आपण तोंडानं काढलं म्हणून तर नाही ना झालं? दिवसा ती स्वतःला वेडी म्हणे, आणि पुन्हा तिथंच येऊन बसे. सांगायचं तर "तुले कसं माहीत?" हा प्रश्न पहिला येणार. आणि बाळाला काही झालंच, तर जन्मभर एकच वाक्य ऐकावं लागणार. माहेरी, मारेगावला, तिला आई नव्हती, बाप आणि भाऊ होते. असल्या गोष्टी त्यांच्यापाशी कुठे बोलणार? दवाखान्याच्या गोळ्या घरी आणून देणाऱ्या आशाताईंना फोन करावा, तर त्या आधी सासूशीच बोलणार.

तिनं आडून आडून पाहिलं. डोकं दुखतं म्हटल्यावर वच्छलाबाईंनी मांडीवर डोकं घेऊन तेल जिरवलं, कपाळाला सुंठेचा लेप लावला. त्यांची माया खोटी नव्हती, आणि तीच मोठी अडचण होती. पिंटूला ती म्हणाली, "तुमी पुढचं एकदा पाहून तर घ्या."

"आईचा जीव कायले दुखवाचा? आता गुरुवारी सातवा वाचूनच राह्यलो ना," पिंटू म्हणाला. "उन्हानं दुखत असन तुह्यं डोकं."

उन्हानं! थंडीचे दिवस होते.

त्या गुरुवारीच डोहाळजेवण धरलं होतं. अंगण सारवलं, झोपाळ्याला शेवंतीच्या माळा बांधल्या. अर्पिताला हिरवी साडी नेसवली. हिरव्या बांगड्या हातात चढेनात, तेव्हा विमलताईंनी साबणाचा हात फिरवून त्या चढवल्या आणि तिची हनुवटी धरून सगळ्यांना दाखवली. "पाहा व, तोंडावर कशी भरून आली पोरगी! माय, किती तेज आलं!"

बायका हसल्या, नजर काढा म्हणाल्या. अर्पितानं झोपाळ्याच्या साखळ्या घट्ट धरल्या. ज्या सुजेनं तिचा जीव घाबरा झाला होता, तिचंच तिथं कौतुक चाललं होतं. कपाळात घण पडत होते. समोरच्या बायकांचे चेहरे मधूनच पुसट होत, मग पुन्हा जागेवर येत. पोटातलं बाळ सकाळपासून जरा सुस्तच होतं.

ओटी भरून झाली. पिंटू नवा सदरा घालून पाटावर बसला, फडकं सोडलं, सातवा अध्याय काढला आणि घसा खाकरला. "सातव्या महिन्यात बाळाला आवाज ओळखू येऊ लागतात..."

"द्या इकडे," अर्पिता म्हणाली.

"काय?"

"पुस्तक द्या."

बायकांना ती गंमत वाटली. पिंटूनंही हसत पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं पानं उलटली. एक, दोन, आणखी दोन. वच्छलाबाई हातातलं तबक घेऊन तिथंच थांबल्या.

"अर्पिता, ते पुढचं हाये."

लाल चौकट सापडली. पण अक्षरं जागेवर राहीनात. ओळी एकमेकींत मिसळल्या, चौकटीचा नुसता लाल डाग उरला. अर्पितानं डोळे चोळले, पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं. मग तिनं मान वर केली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत ती बोलू लागली. चेहऱ्यावर व हातांवर सूज. न थांबणारी डोकेदुखी. डोळ्यांपुढे धूसर दिसणे. एकेक शब्द जसाच्या तसा, शाळेत कविता म्हणावी तसा. वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा, इथपर्यंत ती थांबली नाही.

पिंटूनं तिच्या हातून पुस्तक घेतलं. ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बहुधा आठ दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"हे तुले पाठ हाये?"

"वाचलं मी. तुमी कोनी नव्हते तवा. सारं होऊन राह्यलं मले. आता तुमी दिसत बी नाई धड."

"पुढचं वाचाले नाई पायजे होतं व पोरी," विमलताई हळूच म्हणाल्या. वाईट मनानं नव्हे, पण म्हणाल्या.

वच्छलाबाईंनी तबक खाली ठेवलं. झोपाळ्याजवळ येऊन त्यांनी सुनेच्या गळ्यातली, दंडावरची फुलं काढायला सुरुवात केली. गाठ सुटेना तिथं त्यांनी दोरा तोडला. पिंटू अनवाणीच गाडी बघायला धावला.

नेरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. आकडा सांगितला नाही, ॲम्ब्युलन्स बोलावली. यवतमाळला पोचल्यावर सगळंच घाईघाईत झालं. झटके येऊ नयेत म्हणून सुया दिल्या, पिंटूच्या सह्या घेतल्या आणि दिवेलागणीच्या आत पोट उघडून बाळ बाहेर काढलं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी, एक किलोच्या जरा वर. रडली ती मांजराच्या पिलासारखी, आणि लगेच तिला काचेच्या पेटीत नेलं.

"आईचा धोका बराचसा टळलाय," डॉक्टर बाई पिंटूला म्हणाल्या. "बाळाचं आत्ताच सांगता येत नाही. चार दिवस आधी आणलं असतं, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देऊन थोडं थांबता आलं असतं. आता बघू."

हे त्या अर्पिताच्या खाटेशेजारीच बोलल्या. ती झोपली आहे असं त्यांना वाटलं. ती झोपली नव्हती.

चार दिवस. तिच्या मनात दुसरं काही शिरेचना. शब्दन् शब्द पाठ असताना ती घरात बसून राहिली होती. पिंटूचा राग येत होता, सासूचा येत होता, विमलताईंचा येत होता, आणि फिरून फिरून स्वतःचाच येत होता. त्या पुस्तकानं तर काही लपवलं नव्हतं. वाट पाहू नका, इतकं साधं मराठी होतं ते.

तिसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाबाई वाटीत पेज घेऊन खाटेजवळ बसल्या. पिंटू बाहेर पेट्यांच्या खोलीच्या दारापाशी उभा होता. तिथून तो हलतच नव्हता. दोन चमचे झाल्यावर वच्छलाबाईंचा हात थांबला.

"मले एक सांग. तुले ठाऊक होतं, तं बोलली काहून नाई व?"

अर्पितानं या प्रश्नासाठी पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. बाहेर आलं ते त्यातलं नव्हतं.

"तुमी म्हनलं असतं, पुढचं वाचलं म्हनून झालं."

बोलून ती वाट पाहत राहिली. म्हातारीनं चिडावं, मी अशी आहे का म्हणावं, नाही म्हणावं. एवढं एक 'नाही' तिला हवं होतं.

वच्छलाबाईंनी चमचा वाटीत ठेवला.

"म्हनलंच असतं," त्या म्हणाल्या.

पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं बाळ रडत होतं, तिची आई त्याला थोपटत होती.

"माह्यं आठव्यातलं गेलं ना," वच्छलाबाई म्हणाल्या, "तवा म्या त्याच्यासाठी कुंची शिवली होती. आधीच. हौस होती मले. गेल्यावर सासू म्हने, कुंची शिवली म्हनून गेलं. साऱ्या गावात सांगतलं तिनं. मी बी तेच धरून बसली." त्यांनी स्वतःच्या हाताचा पंजा उलटा-सुलटा करून पाहिला. "मले बी तवा अशीच सूज होती व. बांगड्या फोडून काढाव्या लागल्या. डोकं तं असं दुखे का भिंतीवर आपटावं वाटे. तू त्या दिवशी बोलून राह्यली होती, अन् मले वाटे, हे माह्यंच सांगून राह्यली का काय."

अर्पितानं वाटी त्यांच्या हातून घेऊन बाजूला ठेवली.

"कुंचीनं नव्हतं गेलं तं ते?" त्यांनी विचारलं. शाळेतल्या पोरीनं बाईंना विचारावं तसं.

"नाही, आई."

"तीस-पस्तीस वर्सं झाले," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसलं. मग दाराकडे, पेट्यांच्या खोलीकडे मान वळवून त्या म्हणाल्या, "हिले काई झालं, तं बाया तुलेच म्हनतीन. म्हनू देनार नाई मी. मी सांगीन, पोरीनं वाचलं म्हनून नाई झालं. म्या पान उलटू देलं नाई म्हनून झालं. माह्यामुळं झालं."

अर्पिताला वाटलं, आता आपण म्हणावं, नाही आई, तुमच्यामुळं नाही. शब्द तोंडाशी आले होते. म्हातारीचा हात तिच्या सुजऱ्या हातावर होता. तिनं तो हात धरून ठेवला. पण नाही म्हणाली नाही.