सोमवार, बुधवार, शुक्रवार

मॅडमचं आणि माझं पहिल्यापासून जमलं नाही. माझ्या नवऱ्याने तिला बुटांच्या खोक्यातून आणलं तेव्हा ती मुठीएवढी होती, पण तोरा तेव्हाही एवढाच. मी दाणे टाकले की नाक मुरडणार, सासूबाईंच्या मात्र पायापायात. कोंबडीला मुरडायला नाक नसतं हे मलाही कळतं. ही मुरडायची.

नवरा गेल्याला या महिन्यात वर्ष होईल. मागे उरलो आम्ही तिघी. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, सासूबाई घरी. सकाळी खुराड्यात हात घालायचा आणि "दिलं गं त्याच्या मॅडमने" म्हणत अंडं घेऊन यायचं, एवढ्यासाठीच त्या अंथरुणातून उठायच्या. म्हणून मॅडम खाडे करायला लागल्यावर मी विकतची अंडी आणून कपाटात लपवली. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी त्या उठायच्या आत एक खुराड्यात ठेवायची. बाकीच्या दिवशी मी काही करत नव्हते, तरी अंडं निघायचं. रविवारी नसायचं. "मॅडमची सुट्टी," म्हणून आम्ही हसायचो.

महिन्याभरात मॅडमचं पोट सुटलं, चाल मंदावली. आम्ही एकमेकींना समजावलं, अंडी देतेय म्हणजे धडधाकट आहे. शनिवारी दुपारी मी जेवायला घरी आले, तर ती नळाखालच्या चिखलात आडवी पडली आणि चोच उघडून धापा टाकायला लागली. तिला पिशवीत घालून आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे धावलो.

डॉक्टरने पोट चाचपलं. "शेवटचं अंडं कधी दिलं?"

"आज सकाळी," आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

"शक्यच नाही. आत अंडं अडकून सडलंय. निदान दोन महिने हिने काही दिलेलं नाही."

"सोमवार, बुधवार, शुक्रवार मी ठेवायची," मी म्हणाले. "पण आजचं तर..."

सासूबाई टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. "आजचं मी. मंगळवार, गुरुवार, शनिवार. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचे, स्वेटरच्या खिशातून. अंडं नसलं की तुझं तोंड एवढंसं व्हायचं गं. रविवारी तू सकाळपासून खुराडं साफ करत असायचीस, मग जमायचं नाही."

मला त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त. डॉक्टर बिचारा हात पुसत उभा होता.

"महिन्यापूर्वी आणली असती तर ऑपरेशन करता आलं असतं," तो म्हणाला. "आता पोटातलं पाणी काढून इंजेक्शनं देता येतील. आठवडाभर जगेल, पण हाल होतील. नाहीतर इंजेक्शन देऊन आत्ताच कायमचं झोपवू. तुम्ही ठरवा."

"घरी नेऊ," सासूबाई लगेच म्हणाल्या. "मी भरवीन. माझ्या सुनेला तेवढाच आधार."

मी हो म्हणणारच होते. त्यांच्यासाठी. शब्द ओठावर आला होता. मॅडमने मान टेबलावर टाकली होती आणि प्रत्येक श्वासाला तिचं सगळं अंग हलत होतं.

"आई, माझ्यासाठी नको," मी म्हणाले. "आणि तुमच्यासाठीही नको. मॅडमला काय हवंय ते सांगा."

सासूबाईंनी तिच्या पंखाखाली हात घातला. "सोडवा तिला," त्या डॉक्टरला म्हणाल्या. मी दुसऱ्या बाजूने धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मॅडमने मला हात लावू दिला. ती खूप गरम होती. मग हळूहळू नव्हती.

पिशवी मी घेतली. घर दहा मिनिटांवर होतं. अर्ध्या रस्त्यात सासूबाई थांबल्या, कुणाच्या तरी भिंतीला टेकून खाली बसल्या.

"त्याला दवाखान्यात मशीनवर ठेवलं होतं ना, अकरा दिवस," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी तू सांगायचीस, आज बरा वाटतोय. तुला खरंच वाटायचं?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "नाही. पहिल्या दिवसापासून नाही. तुम्ही मान डोलवायचात म्हणून मी सांगत राहिले."

"तू सांगायचीस म्हणून मी डोलवायचे," त्या म्हणाल्या.

पिशवीचे बंद माझ्या बोटांना काचत होते. मी त्यांना हात दिला, पण त्यांना तिथून उठताच येईना.